पुणं सोडून यवतमाळकडे कायमचं: जमिनीचा इसार देण्याआधी काय तपासावं?

हिंजवडी_ते_कळंब (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, शाळकरी मुलगी आणि सासूबाई, अशी चार माणसं. कळंब-राळेगावच्या पट्ट्यात कायमचं जायचा विचार जवळपास पक्का आहे. शहरात मार्चपासून टँकर, एका पावसात रस्त्यांची नदी, आणि जगाचं एकूण जे चाललंय ते बघता पुढच्या काही वर्षांत पुरवठ्याची साखळी कुठेतरी तुटणार असं वाटतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्याची चुणूक सगळ्यांनीच पाहिली.

बेत असा: अडीच-तीन एकर घ्यायची, धान्य-पाणी-वीज घरचीच करायची, बाहेरून शक्य तितकं कमी आणायचं. दलालाने एक तुकडा दाखवलाय. गावापासून अडीच किलोमीटर, डांबरी रस्त्यापासून आत, शांत. विहीर आहे, "बारमाही" म्हणतो. कागद "क्लिअर" म्हणतो. आमच्यापैकी कुणाचं नाव सध्या कोणत्याही सातबाऱ्यावर नाही. सासऱ्यांच्या नावे आर्वी तालुक्यात थोडी जमीन होती, तिथे वारस नोंद करायची राहिली आहे.

तीन एकर पुरेल का? विहीर आणि कागद नेमके कसे तपासायचे? "छान विचार आहे" किंवा "वेडे आहात" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते घरी रोज ऐकतो.

---

झिरा

पाण्यापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

"बारमाही" हा शब्द दिवाळीत कुणीही म्हणू शकतो. विहीर १५ एप्रिल ते मृगाच्या आत बघायची. पद्धत सोपी आहे. सकाळी दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा. मोटर लावून पाणी चांगलं खाली उतरवा, पुन्हा मोजा. मोटर बंद ठेवून बारा तासांनी किती चढलं ते बघा. विहिरीचा व्यास ५ मीटर असेल तर एक फूट पाणी म्हणजे जवळपास ६,००० लिटर. रात्रभरात एक फूट चढलं तर घर, एक गाय आणि परसबाग निभते. गहू निभत नाही. गव्हाच्या एका एकराला एका ओलिताला (पाण्याच्या एका पाळीला) साधारण २ लाख ४० हजार लिटर लागतं आणि अशी चार-पाच ओलितं होतात. म्हणजे घराचा हिशोब हजारांत, गव्हाचा लाखांत. विहीर बघताना डोक्यात हे दोन आकडे वेगळे ठेवा.

तुमच्या पट्ट्यात एक खास गंमत आहे. बेंबळा प्रकल्पाचे कालवे त्या बाजूला फिरतात. कालवा सुटला की आजूबाजूच्या विहिरी पाझरावर भरतात आणि महिनाभर टुम्म दिसतात. विहीर दाखवायला नेमकं तेव्हाच बोलावतात. शेजारच्या दोन धुऱ्यांवरच्या (बांधांवरच्या) माणसांना विचारा: कालवा बंद असताना मोटर सलग किती तास चालते? तीन तासांच्या खाली उत्तर आलं तर ओलिताचं स्वप्न सोडा.

घराची गरज माणशी ५५ लिटर धरली (जलजीवनचं मापही तेच आहे) तर चार माणसांना २२० लिटर. गाईला उन्हाळ्यात ५०-६० लिटर. आणि पुण्याहून येणारे हमखास विसरतात ते म्हणजे कूलर. मे महिन्याच्या कोरड्या हवेत मोठा डेझर्ट कूलर तासाला आठ-दहा लिटर सहज पितो. रात्रभर चालला की १०० लिटर, तेही विहीर तळाला असताना.

छतावरचं पाणी जरूर धरा. १०० चौरस मीटर छत, ९०० मिलिमीटर पाऊस, वीस टक्के गळती सोडून ७२,००० लिटर होतात. एवढं साठवायला टाकी बांधणं परवडत नाही, गरजही नाही. पिण्या-स्वयंपाकाला चार माणसांना दिवसाला ३०-३५ लिटर लागतात, त्यामुळे ५,००० लिटरची झाकणबंद टाकी शंभर दिवसांचा उन्हाळा काढून देते. पहिले दोन पाऊस बाहेर सोडा (पत्र्यावरची धूळ, पाखरांची विष्ठा), मग टाकीत घ्या. हवेच्या नळीला बारीक जाळी लावा, नाहीतर टाकी म्हणजे डासांचं पाळणाघर.

विहीर पसंत पडली तरी पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. यवतमाळच्या दक्षिणेला, पांढरकवड्याकडे फ्लोराइडचा त्रास जुना आहे. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. नायट्रेटही तपासायला सांगा. गोठ्याजवळच्या आणि खताच्या उकिरड्याशेजारच्या विहिरीत ते हमखास वर असतं. अकोट-दर्यापूरकडे स्वस्त जमीन कुणी दाखवली तर तो खारपाणपट्टा आहे, बोअर मारून खारंच लागेल. तिथे पावसाचं पाणी धरल्याशिवाय गत्यंतर नाही.

---

सातबारा_बाराखडी

कागदांबद्दल. दलालाचं "क्लिअर" म्हणजे त्याच्या मोबाइलवर सातबारा उघडतो, एवढंच.

आधी तुमचा स्वतःचा प्रश्न. विदर्भात शेतजमिनीच्या व्यवहाराला विदर्भ प्रदेशाचा १९५८ चा कुळवहिवाट कायदा लागतो. त्याच्या कलम ८९ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. (पुण्याचे वकील कलम ६३ सांगतील, ते तिकडच्या १९४८ च्या कायद्यातलं.) म्हणून आर्वीची वारस नोंद आधी उरका. तलाठ्याकडे मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज द्या. फेरफार पडतो, नोटिशीचे पंधरा दिवस जातात, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. खरेदीखत सासूबाईंच्या नावे करायचं की यजमानांच्या, हे वारसांत कोणाची नावं चढतात ते बघून ठरवा. ही नोंद होईपर्यंत इसारसुद्धा देऊ नका.

आता विकणाऱ्याचा सातबारा. वरचं नाव वाचून थांबू नका, "भोगवटादार वर्ग" आणि "इतर हक्क" हे रकाने वाचा. वर्ग २ (सरकारी अटी असलेली जमीन) असेल तर परवानगीविना व्यवहार नाही. भूदानात मिळालेली जमीन यवतमाळ-वर्धा भागात बरीच आहे. ती विकायला काढणारे भेटतात, पण असं खरेदीखत टिकत नाही. खातेदार आदिवासी असेल (राळेगाव भागात गोंड, कोलाम खातेदार पुष्कळ) तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं. बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. "नोटरी करून घेऊ, नंतर बघू" असं कुणी म्हटलं तर चहा पिऊन उठा.

आजच्या सातबाऱ्यावर समाधान मानू नका. १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची नक्कल काढा आणि तिथपासून आजपर्यंतचे सगळे फेरफार एकाखाली एक लावा. मध्ये कुठे सिलिंग (जमीनधारणेची कमाल मर्यादा), कुठे कूळ, कुठे न तोडलेली बहिणीची वाटणी निघते. त्याच नकलेत "झुडपी जंगल" लिहिलंय का तेही बघा. ही नोंद फक्त आपल्या विदर्भाच्या नशिबी आहे. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच धरलं आहे. तशी जमीन कितीही ओसाड, काटेरी दिसली तरी तिच्यात पाय घालू नये.

तीन एकरांपैकी तुकडा पाडून घेणार असाल तर तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा पाडता येत नाही) बहुतेक जिल्ह्यांत २०२३ पासून जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे आहे, ती अडचण तुम्हाला येणार नाही. शेतघरासाठी मात्र ०.४ हेक्टर सलग क्षेत्र हवं.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती रस्त्यावरून. "आत, शांत" म्हणजे पांदणीने (शेतांमधल्या कच्च्या वाटेने) जायचं. पांदण नकाशावर आहे का, की दुसऱ्याच्या वावरातून माणुसकीची वाट आहे? माणुसकीची वाट जमीन विकली की बंद होते. गाव नकाशा काढा, त्यात पांदण दुहेरी तुटक रेषेने दिसते. नसेल तर तहसीलदाराकडे कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, असलेली वाट अडवली तर मामलतदार न्यायालय कायद्याचं कलम ५ आहे. दोन्हीत वेळ जातो आणि ज्याच्याकडून रस्ता काढला तो जन्माचा वैरी होतो. खरेदीआधी विकणाऱ्याच्या खर्चाने मोजणी करून मोजणी नकाशाची "क" प्रत हातात घ्या.

---

डवरा

वरचे दोघं बरोबर बोलले. मी पोटाचं सांगतो.

चार माणसांना वर्षाला धान्य ४८० किलो धरा (माणशी महिन्याला दहा). डाळ ६० किलो, म्हणजे तूर ८५ किलो, कारण भरडल्यावर सत्तर टक्केच डाळ हाती येते. तेल ४५ किलो. एवढ्याला दीड एकर पुरतं, ते पण रोही (नीलगाई) आणि डुकरं ऐकली तर.

ज्वारी आपल्या भागातून गेली ती उगाच नाही. गावात सगळ्यांची असायची तेव्हा पाखरं वाटून खायची. आता पन्नास एकर पऱ्हाटी (कपाशी)-सोयाबीनच्या मधात तुमची एकट्याची अर्धा एकर ज्वारी म्हणजे पंचक्रोशीतल्या पोपटांना आमंत्रण. कणीस भरताना महिनाभर दिवसा माणूस पाहिजे, रात्री डुकरांसाठी वेगळा. परतीचा पाऊस लांबला तर खरिपाची ज्वारी काळी पडते, भाकर कडू लागते. म्हणून रब्बीत हरभरा अन् दादर ज्वारी, खरिपात तूर, असं ठेवा. तूर मर रोगाला पडते. पीकेव्ही तारा किंवा बीडीएन ७१६ हे वाण त्यातल्या त्यात टिकतात. एकाच जागी वर्षाआड तूर घेऊ नका अन् पाणी साचणाऱ्या बांधाडात तर मुळीच नको.

तेलाचं लोक विसरतात. सोयाबीनचं तेल घाण्यावर निघत नाही, त्यात सतरा-अठरा टक्केच असतं. भुईमूग शेंगांच्या वजनाच्या अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास तेल देतो, म्हणजे ४५ किलोला १६० किलो शेंगा. पण भारी काळ्या जमिनीत शेंगा उपटताना अर्ध्या मातीत राहतात, उरलेल्या डुकरं काढतात. धुऱ्यावर जवस, तीळ टाका, बाकीचं विकत आणा. सगळंच घरी पिकवायचा हट्ट महागात पडतो.

बियाणं हा खरा मुद्दा. पुरवठा तुटायची भीती आहे ना? मग बीटी कपाशी नको, तिचं बी दुसऱ्या वर्षी धरता येत नाही. सोयाबीन, हरभरा, तूर, गहू, ज्वारीचे सरळ वाण घरचे धरता येतात. सोयाबीनचं साल नाजूक. पोतं आपटलं की उगवण गेली. सात पोत्यांच्या वर थप्पी नको. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तरच्या खाली उगवले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा. साठच्याही खाली गेले तर ते बी नाही, ढेप (गुरांचा खुराक) समजा.

साठवण: एप्रिलच्या उन्हात वाळवून दाणा दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे. ज्वारी-गहू बारा टक्क्यांच्या आत ओल, डाळी त्याहून कोरड्या. अख्खी तूर ठेवली की भुंगा लागतो, भरडून ठेवलेली डाळ जास्त टिकते. बियाण्याच्या तुरीला किलोला सात-आठ मिलिलिटर तेल चोळून ठेवा. भरडायची जुनी रीत: तूर भिजवा, लाल माती लावा, वाळवा, झाडून जात्यावर काढा. गावातली चक्की विजेवर चालते हे लक्षात असू द्या. जातं आजही जुन्या घरात पडलेलं सापडते, लोक फुकटात देतात.

अन् एक. तुम्ही शहर पडल म्हणून गावात येऊन राहिले. काहून? गाव काय वेगळ्या दोरीवर टांगलं आहे? नांगरटी ट्रॅक्टरने, म्हणजे डिझेल. फवारणी, खत, बियाणं दुकानातून. राशन सरकारातून. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळली की आठ दिवस अंधार. बैलजोडी गावात हाताच्या बोटावर मोजण्याइतकी राहिली, कारण एका बैलाला रोजचं सहा-सात किलो कुटार (भुसा)-कडबा, म्हणजे वर्षाला अडीच टनाच्या जवळ, अन् हार्वेस्टरने काढल्यावर कुटार वावरातच उडून जाते. साखळी तुटली तर आधी टोकावरचा तुटतो, अन् टोकावर आम्ही आहोत. येऊ नका म्हणत नाही. पण तीन एकरांत एकटं किल्ला बांधून बसायचा विचार असल तर तो चालत नाही. पेरणीला सारख्या घातीवर (जमिनीत योग्य ओल असतानाच्या मोजक्या दिवसांत) सगळ्यांना माणसं पाहिजे असतात. तुमच्या वावरात कोण येईल? ज्याच्या घरच्या लग्नात तुम्ही वाढायला उभे होते, तो.

---

हिंजवडी_ते_कळंब

डवरा दादा, शेवटचा परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, हेच मी सांगत होते.

कागद आणि पाण्याचं लिहून घेतलं. आर्वीच्या फेरफारासाठी पुढच्या आठवड्यात जाणं होईल. दोन गोष्टी राहिल्या: कुंपण आणि वीज. झटका मशीन खरंच चालतं का? आणि वावरात घर बांधावं की गावठाणात?

---

तार_आणि_खुंटा

चालतं, नीट लावलं तर. न चालण्याची कारणं ठरलेली आहेत.

मशीन बॅटरीवर, साधारण सेकंदाला एक झटका, आठ-दहा हजार व्होल्टचा पण क्षणभराचा, म्हणून जीव जात नाही. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून आठ-दहा इंचांवर, रोह्यासाठी वरची पाच फुटांवर, मधात दोन-तीन. खांब बारा-पंधरा फुटांवर. सगळ्यांत दुर्लक्षित काम अर्थिंगचं. एक खुंटा ठोकून मोकळे होतात. किमान तीन जस्ती सळ्या, प्रत्येकी पाच-सहा फूट, एकमेकींपासून दहा फुटांवर, एकाच तारेने जोडलेल्या. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, सळीभोवती मातीच उरत नाही आणि झटका मरतो. सळीभोवती कोळसा-मीठ भरा, मार्चनंतर आठवड्याला बादलीभर पाणी ओता. पावसाळ्यात उलटं: खालच्या तारेला गवत टेकतं आणि दाब खाली येतो. टेस्टरवर ४,००० व्होल्टच्या खाली दिसलं की डुक्कर पोहोचलंच समजा. तारेखालची दोन फुटांची पट्टी दर पंधरा दिवसांनी साफ करायची.

घरच्या २३० व्होल्टची लाइन थेट तारेत सोडणारे गावोगाव आहेत. त्याने दरवर्षी माणसं मरतात, बहुतेक वेळा घरचीच किंवा पहाटे पांदणीने जाणारी. गुन्हा आहेच. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून जाताना तार दिसली तर हात लावण्याआधी विचारा.

वीज: दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, चार दिवे, फोन, राउटर मिळून दिवसाला सव्वा युनिट. त्याला १ किलोवॉट पॅनल आणि १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या पुरतात. दोन्ही मिळून ३.६ युनिट, निम्मंच वापरायचं धरलं तर १.८. कूलर जोडला की दहा तासांचे आणखी दोन युनिट, सगळं गणित अडीच पटींच्या वर. पॅनल उन्हात तापून मेमध्ये पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी देतं, त्यामुळे "विदर्भात ऊन भरपूर" यावर जास्त विसंबू नका. श्रावणात निम्म्यावर येतं. बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवली तर तिचं निम्मं आयुष्य तिथेच संपतं. घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा, डिस्टिल्ड पाणी उन्हाळ्यात महिन्याला बघा. शेतीपंपासाठी "मागेल त्याला सौर कृषी पंप" मध्ये अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी मिळतो, सर्वसाधारण गटाला हिस्सा दहा टक्के. त्याला सातबारा तुमच्या नावे आणि पाण्याचा स्रोत त्यावर नोंदलेला लागतो. विहिरीची नोंद नसेल तर अर्ज अडकतो, म्हणून तीही खरेदीआधीच बघा.

घर गावठाणात. वावरात फक्त बसायला झोपडी आणि अवजारांची खोली. काळ्या मातीवर बांधकाम म्हणजे मुरूम लागेपर्यंत खोदणं; तो कुठे चार फुटांवर, कुठे दहावर. मातीवरच जोतं उचललं तर दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतीला तिरपी भेग पडते आणि सिमेंटने कितीदाही बुजवली तरी पावसाळ्यानंतर पुन्हा उघडते. गावठाणात जुनं कवेलूचं (कौलारू), जाड मातीच्या भिंतींचं घर भाड्याने मिळालं तर पहिला उन्हाळा त्यात काढा. पत्र्याच्या घरात ४५ अंशांना कूलरही हरतो. विकत घ्यायचं झालं तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा फक्त कराचा कागद आहे, मालकी त्यावरून ठरत नाही. स्वामित्व योजनेतलं मालमत्ता पत्रक झालं असेल तर ते मागा.

---

आशाताई_नव्हे

सासूबाई आणि मुलगी आहेत म्हणून थोडकं लिहिते.

जमिनीवर झोपणं बंद. मण्यार रात्री घरात येते, चावली तर फारसं दुखतही नाही, सकाळी पापण्या जड होऊन उघडत नाहीत तेव्हा कळतं. बाजेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या आरोग्य केंद्रात खरोखर ठेवलेलं असतं आणि रात्री डॉक्टर कुठे असतो, हे गाव ठरवण्याआधी जाऊन विचारा. सुरुवातीलाच दहा कुप्या लागतात. १०८ ची गाडी पांदणीने पावसाळ्यात आत येत नाही. अडीच किलोमीटरवरच्या घराचा खरा तोटा हा. सासूबाईंना बीपी-शुगर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या घरात असू द्या, इन्सुलिन असेल तर फ्रिजचा एक युनिट वीज-हिशोबात धरा.

फवारणीच्या दिवसांत (ऑगस्ट ते ऑक्टोबर) शेजारच्या कपाशीतला वारा तुमच्या विहिरीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर येतो. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली. विहिरीला कठडा आणि जाळी करून घ्या, शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगायला लावा.

---

झिरा

एक राहिलंच. घ्यायच्या आधी तोच तुकडा, किंवा त्याच गावातला दुसरा, एक वर्ष मक्त्याने (ठरलेल्या रकमेवर कसायला घेऊन) करून बघा. गावात मक्त्याचे व्यवहार गुढीपाडव्याच्या आसपास ठरतात, रक्कम अर्धी आधी, अर्धी माल निघाल्यावर. लेखी करा, स्टॅम्प पेपरवर. मालक "पहिले खरेदी करा, मक्ता कशाला" म्हणाला तर विहिरीचं उत्तर मिळालं.